हरलेल्यांच्या गाड्या

टेनिसच्या स्पर्धेत विजेत्याला विमानतळावर सोडायला एक गाडी पुरते. बाकीचा ताफा धावतो तो हरलेल्यांसाठी. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस दौऱ्यावरची, स्पर्धा भरायची, त्या वर्षांत मी ट्रान्सपोर्टच्या टेबलावर होतो. प्रेक्षकांना दिसायची ती स्पर्धा आणि माझ्या टेबलासमोरची स्पर्धा अगदी उलट्या चालायच्या. एकेरीत २८ खेळाडू, दुहेरीत १६ जोड्या, आणि त्याआधी शनिवार-रविवारी पात्रता फेरी. सोमवारी वर्तमानपत्रांत ‘आजपासून थरार’ छापून यायचं, तोवर आमच्याकडे पात्रतेत हरलेल्यांच्या परतीच्या ट्रिपा सुरू झालेल्या असायच्या. शुक्रवारी गॅलरी भरायची तेव्हा आमचं टेबल ओस पडलेलं. अंतिम सामन्याच्या दिवशी पासांसाठी फोनवर फोन यायचे, आणि पार्किंगमध्ये आमचे चालक पहिल्यांदाच निवांत जेवत बसलेले दिसायचे.

हरलेला खेळाडू आंघोळ उरकून सरळ आमच्याकडे येतो. त्याला सहानुभूती नको असते, गाडीची वेळ हवी असते. हरल्यावर हॉटेलची खोली फार काळ मिळत नाही, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशात खेळायचं असतं, आणि शंभराच्या पुढच्या क्रमांकाचा खेळाडू असेल तर खर्चाचा हिशेबही त्याच्या डोक्यात चालू असतो. टेबलावर नव्यानं आलेल्या पोरांना मी सांगायचो, “हरलात का, असं विचारायचं नाही. बॅगा किती, ते विचारायचं.” रॅकेटची बॅग सेडानच्या डिकीत नीट बसत नाही. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचं सामान म्हटलं की इनोव्हाच लागते. २०१९ च्या अंतिम फेरीत केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच आले. एक सहा फूट आठ इंच, दुसरा सहा फूट अकरा. त्या आठवड्यात ट्रिपशीटवर आम्ही ‘पुढची सीट पूर्ण मागे’ अशी सूचनाच लिहून ठेवली होती. सामन्याचे तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले, अँडरसन जिंकला. बाहेर आमचे एक ज्येष्ठ चालक, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, दर अर्ध्या तासानं येऊन विचारत होते, “साहेब, घाटात अंधार पडायच्या आत सुटतील का हो हे?”

घाटाचा विषय मामांनी उगाच काढला नव्हता. पुण्याहून परदेशात थेट जाणारी विमानं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. त्यामुळे बरेचसे पाहुणे मुंबईत उतरायचे आणि एक्स्प्रेसवेनं खंडाळा चढून यायचे. बालेवाडी बायपासलगत आहे, मुंबईकडून येणाऱ्याला ती शहराच्या अलीकडेच लागते. आमच्यासाठी ही मोठीच सोय. पण याचा एक परिणाम असा की आठ दिवस राहून गेलेल्या खेळाडूनं लक्ष्मी रस्ताही पाहिलेला नसायचा. हॉटेल, कोर्ट, हॉटेल, एक्स्प्रेसवे. अशा स्पर्धांमुळे पर्यटन वाढेल असं भाषणांत ऐकलं की मला माझी ट्रिपशीटं आठवतात. शनिवारवाड्याची एखादी ट्रिप त्यांत असायची, ती बहुधा छायाचित्रकारांच्या सोयीनं ठरलेली.

मग ही स्पर्धा पुण्यात आली कशाला, आणि कशी? ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. या कामात मी २००८ पासून आहे. तेव्हा १२ ते १८ ऑक्टोबरला पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. ७१ देशांची आणि प्रदेशांची मुलं आली होती, ‘जिगर’ नावाचा वाघ शुभंकर होता, आणि शहरातल्या भिंतीभिंतींवर तो हसत होता. संकुल मूळचं १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलेलं, आराखडा शशी प्रभूंचा. २००८ साठी त्यात बरीच भर पडली, रस्ते रुंदावले, आणि आमच्यासारख्या कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना गळ्यात पास अडकवून वॉकीटॉकीवर बोलायला मिळालं. मी एका बस-थांब्यावर उभा राहून कुठल्या देशाची मुलं कुठल्या बसमध्ये बसतात हे वहीत लिहायचो. पगार नव्हता, टी-शर्ट होता. त्या टी-शर्टवर पुढची बरीच वर्षं कामं मिळाली.

आज मागे वळून पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट दिसते. पुण्याला मोठी स्पर्धा मिळाली, ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी हातून सुटलेली होती. २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा चेन्नईत व्हायची होती. श्रीलंकेचे खेळाडू येणार असतील तर आम्ही यजमानपद घेणार नाही, असं तमिळनाडू सरकारनं त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जाहीर केलं. मग रांचीचं नाव आलं, तेही बारगळलं, आणि शेवटी ३ ते ७ जुलै अशा तारखांना स्पर्धा बालेवाडीत आली. जुलैचा पहिला आठवडा! पुणेकर त्या दिवसांत छत्रीशिवाय दूध आणायलाही जात नाहीत, आणि आम्ही आशियाभरातून पाहुणे बोलावलेले.

त्या स्पर्धेतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते पोल व्हॉल्टच्या काठ्यांचं प्रकरण. पाच मीटरच्या आसपास लांबीची काठी. ती दुमडत नाही, तुकड्यांत येत नाही, आणि खेळाडूला स्वतःचीच लागते. बसच्या टपावर बांधली तर वाकण्याची भीती, बंद टेम्पोत ती मावत नाही. शेवटी उघडा ट्रक ठरवला, नळ्यांच्या आकाराच्या पिशव्यांवर आणखी ताडपत्री गुंडाळली, मागे लाल फडकं बांधलं, आणि मुंबईहून ऐन पावसात रात्रीचा घाट चढवला. ट्रकवाल्यानं मला फोन करून विचारलं, “दादा, आत आहे काय नक्की? टोलनाक्यावर विचारतात.” मी म्हटलं, उड्या मारायच्या काठ्या. तो काही क्षण गप्प, मग म्हणाला, “मी पाइप सांगतो.” काठ्या पोचल्या. स्पर्धा पावसात भिजत, थांबत, पुढे सरकत पार पडली. विकास गौडानं थाळीफेकीत सुवर्ण मिळवलं, महिलांनी चार बाय चारशेची रिले जिंकली. इतक्या थोड्या वेळात हे जमलं याचं कौतुक व्हायला हवं होतं, आणि झालंही. पण ते जमलं कारण २००८ मध्ये घडलेली माणसं पाच वर्षांनंतरही हाताशी होती. कुणाला पास छापायचे माहीत होते, कुणाला उत्तेजक चाचणीच्या खोलीला किती दारं लागतात ते. माझ्यापुरतं बोलायचं तर, कुठला ट्रकवाला रात्री दोनला फोन उचलतो हे मला ठाऊक होतं.

२०१७ मध्ये पुन्हा चेन्नई. पुढे बालेवाडीत आलेली टेनिसची ती स्पर्धा १९९६ ला दिल्लीत सुरू झाली, पुढच्या वर्षी चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत तिथेच राहिली. स्टॅनिस्लास वावरिंकानं ती चारदा जिंकली. तेव्हा देशातली एटीपी दर्जाची ही एकच स्पर्धा होती. ती हलणार असं कळल्यावर महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेनं पुढाकार घेतला, राज्य सरकार पाठीशी उभं राहिलं, पाच वर्षांचा करार झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये ‘महाराष्ट्र ओपन’ या नावानं ती बालेवाडीत भरली. पहिलं अव्वल मानांकन मारिन चिलिचचं, विजेता जील सिमॉन.

पहिल्या वर्षी चेन्नईचे एक जुने कार्यकर्ते पाहायला आले होते. खुन्नस वगैरे काही नव्हती, उलट आमच्या टेबलावर चहा घेत बसले. हॉटेल किती लांब, सरावाची कोर्टं किती, दव कधी पडतं, सगळं बारकाईनं विचारलं. मग त्यांनी बॉलबॉय मुलांची चौकशी केली. तुमची कुठल्या शाळांतून येतात? किती दिवस शिकवलं? आमची मुलं वीस वर्षांत तयार झाली होती, म्हणाले; मोठी भावंडं धाकट्यांना शिकवायची. आता त्या मुलांना बोलावणार कोण? स्पर्धा गेल्याचं दुःख त्यांना होतंच, पण या शेवटच्या वाक्यावर त्यांचा आवाज बदलला. मला तेव्हा त्यात फारसं काही वाटलं नाही. आम्ही जिंकलेल्या बाजूला होतो.

टेनिसमध्ये शहराला स्पर्धा ‘मिळते’ म्हणजे काय, हे समजायला मला दोनेक वर्षं लागली. स्पर्धेचा परवाना एका मालकाचा असतो. शहर ती जागा देतं, पैसे उभे करतं, माणसं लावतं. परवाना मात्र मालकाचाच राहतो, तो हलवू शकतो, विकू शकतो. शिवाय परवान्याबरोबर कॅलेंडरमधला आठवडा येतो, आणि खरी किंमत त्या आठवड्याची. २०१८ मध्ये आमचा आठवडा दोहा आणि ब्रिस्बेनच्या बरोबरीचा होता, ऑस्ट्रेलियन ओपनच्या तोंडावर. म्हणजे मेलबर्नकडे निघालेल्या खेळाडूला वाटेत पुणे घेता येत होतं. मग एटीपी कप हा देशांच्या संघांचा सामना आला, जानेवारीचे सुरुवातीचे दिवस त्यानं खाल्ले, आणि २०२० ला आम्ही फेब्रुवारीत गेलो. त्या आठवड्यात फ्रान्समध्ये मोंपेलिए, अर्जेंटिनात कोर्दोबा. युरोपचे खेळाडू घराजवळच्या इनडोअर कोर्टांवर खेळणार, दक्षिण अमेरिकेचे आणि स्पेनचे मातीवर. मेलबर्न आटोपल्यावर पुण्याला वाकडी वाट करून यायचं कुणी आणि का? आले त्यांनी छान खेळ केला, यिरी वेसेली जिंकला. पण तो आठवडा ठरवताना पुण्याला कुणी विचारलं होतं, असं निदान माझ्या टेबलावरून तरी कधी दिसलं नाही. २०२१ करोनात गेलं. २०२२ ला पुन्हा मोंपेलिए-कोर्दोबाचाच आठवडा, विजेता जोआओ सौसा. रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथननं दुहेरी जिंकली, तेव्हा बाहेर चालकांनीही टाळ्या वाजवल्या.

पैशांचं बोलतोच आहे तर हेही सांगून टाकतो. अशा स्पर्धांत सगळ्यात वरचे पैसे आधी जातात आणि सगळ्यात खालचे शेवटी येतात. बालेवाडीतल्याच एका निराळ्या, मोठ्या सोहळ्यानंतर चालकांची बिलं महिनोन्‌महिने अडकली होती. एजन्सीचं नाव घेत नाही, ती आता या धंद्यातही नाही. मामांनी त्या काळात गाडीचे दोन हप्ते उसनवारीनं भरले. पुढच्या वर्षी मी त्यांना फोन केला तर म्हणाले, “येतो. पण डिझेलचे रोज संध्याकाळी द्यायचे.” ते मला पटलं, आणि तेव्हापासून माझ्या कुठल्याही कामात ती पहिली अट असते.

आता गॅलरीबद्दल. अंतिम सामना सोडा. मंगळवारी-बुधवारी दुपारी बाहेरच्या कोर्टांवर जगातले साठ-सत्तर क्रमांकाचे खेळाडू खेळत असायचे, आणि समोर त्यांचा प्रशिक्षक, दोन-चार अकादमीची मुलं, एखादे निवृत्त बँक अधिकारी टोपी घालून. मी गाड्यांच्या फेऱ्यांमधून वेळ काढून जायचो. दहा फुटांवरून सर्व्हिसचा आवाज ऐकू येतो, असं जगात फार कमी ठिकाणी बसता येतं. पुण्यासारख्या शहरात, जिथे संध्याकाळी क्लबांमध्ये कोर्टासाठी नंबर लागतात, तिथे ती बाकं रिकामी का राहिली? सुट्टी नाही हे एक उत्तर. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडल्यावर बाणेर-बालेवाडीची वाट अवघड झाली, हे दुसरं. पण मला वाटतं मुख्य कारण आपली सवय. फुकट पास मिळाला आणि ओळखीचं नाव असलं तर जायचं, ही ती सवय. प्रायोजक असल्या रिकाम्या बाकांचे फोटो काढत नाहीत, पण ती मोजतात.

शेवटची स्पर्धा जानेवारी २०२३ मध्ये झाली. टॅलन ग्रीक्सपूर जिंकला. चिलिच अव्वल मानांकित होता, पण गुडघ्यामुळे मध्येच बाहेर पडला. माझ्या लक्षात राहिला तो पहिल्या फेरीतला एक सामना. पुण्याचा मानस धामणे, वय १५, वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश, घेऊन अमेरिकेच्या मायकेल मो विरुद्ध उतरला आणि २-६, ४-६ असा हरला. ज्या संकुलाच्या आसपास तो वाढला, तिथेच त्याला एटीपीच्या मुख्य फेरीत खेळायला मिळालं. स्पर्धा आपल्या गावात असण्याचा सगळ्यात ठोस फायदा कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी वाइल्ड कार्ड म्हणेन. यजमानाच्या हातात तेवढंच असतं, आणि ते आपल्या पोरांना देता येतं. अर्जुन कढेलाही इथे तशी संधी मिळाली होती.

त्यानंतर स्पर्धा हाँगकाँगला गेली. पाच वर्षांचा करार, पाच स्पर्धा, हिशेब चुकता. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या अंतिम फेरीत आंद्रे रुबलेव्हनं एमिल रुसुवुओरीला हरवलं. हाच रुसुवुओरी दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे अंतिम फेरीत हरला होता. बातमी वाचली तेव्हा चेन्नईचे ते गृहस्थ आठवले. आमच्याकडच्या बॉलबॉय मुलांना आता कोण बोलावणार, हा प्रश्न माझ्यासमोर होता. आणि लाइन पंचांचा तर वेगळाच. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत चांगले लाइन पंच तयार झाले होते, त्यात मुलीही बऱ्याच. २०२५ पासून एटीपीच्या दौऱ्यावर रेषेचा निर्णय यंत्रच देतं. त्यामुळे स्पर्धा उद्या परत आली तरी त्यांचं ते काम परत येणार नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी ३७ व्या राष्ट्रीय स्पर्धांच्या कामाला गोव्यात गेलो. गोव्यानं ३६ व्या स्पर्धांसाठी कित्येक वर्षं तारखा पुढे ढकलल्या, त्या स्पर्धा अखेर २०२२ ला गुजरातनं घेतल्या आणि गोव्याच्या वाट्याला पुढचा क्रमांक आला. सगळे हसले होते. पण मी जे पाहिलं ते निराळं होतं. फातोर्डा, कांपाल, फोंडा, म्हापशाचं पेडें, असं पांगलेलं आयोजन, आणि तरीही स्थानिक माणसांना जागा तोंडपाठ, कारण २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांपासून त्याच मैदानांवर त्यांचा वावर होता. सायकलिंग आणि गोल्फ त्यांनी सरळ दिल्लीत भरवलं. नाही ते ओढूनताणून उभं केलं नाही, हा शहाणपणाच म्हणायचा. गोंधळ झाले. मोपाचा विमानतळ त्याच वर्षी सुरू झालेला, त्यामुळे एका राज्याचा संघ मोपाला उतरला आणि बस दाबोळीला उभी. झुआरीच्या पुलावरून ती बस उलटी धावली. महाराष्ट्रानं ८० सुवर्णपदकांसह पहिला क्रमांक मिळवला. १९९४ ला बालेवाडीत यजमान असताना मिळवला होता, त्यानंतर प्रथमच. यजमानपद मात्र राज्याला त्यानंतर एकदाही मिळालेलं नाही.

आता अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या आहेत आणि प्रत्येक राज्याला आपणही काहीतरी मोठं आणावं असं वाटतं आहे. पुणे जिल्ह्यात जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, ४३७ किलोमीटरची, आणि तिच्यासाठी घाटवाटांचे रस्ते नव्यानं डांबरले गेले. ते रस्ते शर्यत संपल्यावरही गावकऱ्यांच्या उपयोगाचे आहेत, म्हणून मला ही शर्यत आवडली. मोठ्या नावाच्या परवान्यावर पाच वर्षं पैसे ओतण्यापेक्षा, दरवर्षी नेमानं भरणाऱ्या दोन-तीन मधल्या दर्जाच्या स्पर्धा आणि त्यांच्यासाठी वर्षभर पगारावर राहणारी पन्नास माणसं, हे राज्याला जास्त परवडेल असं माझं मत आहे. ते सगळ्यांना पटत नाही. उद्घाटनाला मंत्री येत नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप. पण हे जमतं. एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या बिली जीन किंग कपची आशिया-ओशेनिया गटाची लढत बालेवाडीत झाली. २०२४ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिथेच एटीपी चॅलेंजर, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीवरची स्पर्धा, झाली. त्याच बाकांसमोर, त्याच दिव्यांखाली. मामा आता गाडी चालवत नाहीत, त्यांचा पुतण्या चालवतो, आणि डिझेलचे पैसे रोज संध्याकाळी मिळतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढची चॅलेंजर बालेवाडीत लागली की मधल्या वारी, दुपारच्या वेळी या. जेवणाचा डबा आणलात तरी चालेल. नावं ओळखीची नसतील. २०२४ ची चॅलेंजर मोनॅकोच्या वालँतँ वाशेरो नावाच्या खेळाडूनं जिंकली, तेव्हा त्याचंही नाव कुणाला माहीत नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच वाशेरोनं, जगात २०४ व्या क्रमांकावर असताना, पात्रता फेरीतून येऊन नोव्हाक जोकोविचला हरवलं आणि शांघाय मास्टर्स जिंकली.